जोड पक्का तर इमारत पक्की : शिकागो गाजवणारे इंजिनिअर फजलुर रहमान खान

आमच्या हिवरा आश्रमात शिकागो हे नाव शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली तिथल्या सर्वधर्म परिषदेत भाषण केलं आणि त्यांच्याच नावाने शुकदास महाराजांनी आमच्या गावात आश्रम उभा केला. त्यामुळे शिकागो म्हटलं की इथे स्वामीजीच आठवतात, आणि ते रास्तही आहे. पण त्याच शिकागोत पुढे ढाक्याच्या एका मुसलमान शिक्षकाच्या मुलाने त्या काळची जगातली सर्वात उंच इमारत उभी राहील असा हिशेब मांडून दाखवला, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांत तर त्याहून कमी.

त्यांचं नाव फजलुर रहमान खान. जन्म ३ एप्रिल १९२९, इंतकाल २७ मार्च १९८२. पुण्यतिथी आणि जयंती आठवड्याच्या अंतराने येतात. या निमित्ताने त्यांचं आयुष्य आणि काम आपल्या वाचकांपुढे ठेवावं असं आम्हाला वाटलं. काम थोडं तांत्रिक आहे, पण समजायला अवघड नाही. ज्याने कधी बैलगाडीचं चाक दुरुस्त होताना पाहिलंय, किंवा टिनाच्या शेडचं वेल्डिंग होताना पाहिलंय, त्याला ते नक्की कळेल.

गणिताच्या मास्तरांचं घर

खान साहेबांचे वालिद अब्दुर रहमान खान हे गणिताचे शिक्षक. गणिताची पाठ्यपुस्तकं त्यांनी लिहिली, पुढे शिक्षण खात्यात मोठ्या पदापर्यंत गेले, कॉलेजचे प्राचार्य झाले. घरात पैशापेक्षा पुस्तकांचा डौल जास्त. अशा घरात वाढलेला हा मुलगा ढाक्याच्या आरमानीटोला सरकारी शाळेत शिकला आणि इंजिनिअरिंगसाठी कोलकात्याजवळच्या शिबपूरला बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. आज ती संस्था आयआयईएसटी शिबपूर म्हणून ओळखली जाते. म्हणजे या माणसाच्या शिक्षणाचा पाया आपल्या भारतातच घातला गेला.

पण काळ वाईट होता. फाळणी होऊन गेली होती. १९५० मध्ये दंगली उसळल्या आणि त्यांना कोलकाता सोडून ढाक्याला परतावं लागलं. ऐन शिक्षणाच्या शेवटी कॉलेज सुटलं. कित्येकांची शिक्षणं त्या धामधुमीत कायमची सुटली. खान साहेबांनी मात्र ढाक्याच्या अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी पूर्ण केली आणि पहिला नंबर मिळवला.

१९५२ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि पीएचडी. एक मास्टर्स इमारतींच्या रचनेत, दुसरी यंत्रशास्त्राच्या सिद्धांतात. पीएचडीचा विषय काँक्रीटच्या पूर्वताणित तुळया. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या नामांकित कंपनीत नोकरीला लागले. मध्ये काही काळ कराचीला परत जाऊन विकास प्राधिकरणात काम करून पाहिलं. पण फायलींच्या कामात त्यांचा जीव रमला नाही. १९६० ला ते पुन्हा शिकागोत, त्याच कंपनीत आले आणि तिथून त्यांचा खरा प्रवास सुरू झाला.

जोड म्हणजे काय, आणि तो का तुटतो?

खान साहेबांचं मोठेपण कळायचं असेल तर आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. बैलगाडीचा आरा मधोमध क्वचितच मोडतो. तो मोडतो तुंब्यात बसवलेला असतो तिथे. वर्गातला बाक आधी सांध्यात डुगडुगायला लागतो, फळी नंतर जाते. मंडप बांधणारी माणसं बल्ली उभी करायला वेळ घेत नाहीत, गाठ बांधायला घेतात. कारण त्यांना अनुभवाने माहीत असतं की सगळा खेळ जोडाचा आहे. जोड हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच, आणि दोन्हीकडे त्याचं महत्त्वही सारखंच.

हेच इंजिनिअर आकड्यात मांडतो. समजा लोखंडाच्या पट्टीला १००० किलोचा भार ओढतोय आणि पट्टीचा छेद १० चौरस सेंटिमीटर आहे. मग दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा ताण आला. आता नटबोल्टसाठी भोक पाडलं आणि त्यात २ चौरस सेंटिमीटर लोखंड गेलं. उरले ८. भार तोच, पण ताण झाला १२५. एवढ्यावर भागत नाही. ताण भोकाला वळसा घालून जातो, म्हणून भोकाच्या अगदी काठावर गर्दी होते. रुंद पट्टीतल्या लहान गोल भोकाच्या काठावर ताण सरासरीच्या जवळजवळ तिप्पट होतो. पुलाच्या अरुंद तोंडाशी जत्रेतली माणसं दाटावीत तसंच हे. शिवाय बोल्ट आडवा कापला जाण्याचा धोका वेगळा.

वेल्डिंगचंही तसंच. वेल्डची शिवण वितळलेली असते, थंड होताना आकसते आणि आजूबाजूच्या लोखंडाला ओढून धरते. वरून भार यायच्या आधीच जोडात ताण कोंडून बसलेला असतो. वेल्डरने घाईत पोकळी सोडली, की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून मोठ्या इमारतीचं गणित करताना खांब किती जाड, तुळई किती मोठी एवढं पाहून चालत नाही. खांब आणि तुळई भेटतात तिथे काय घडतं, हे पाहावं लागतं.

उंचीची किंमत

आता वाऱ्याचा विचार करू. इमारतीचं वजन खाली जमिनीकडे जातं, ते समजायला सोपं आहे. वारा मात्र आडवा ढकलतो. इमारत म्हणजे जमिनीत रोवलेली काठी समजा. वारा सगळीकडे सारखा धरला तर उंची दुप्पट झाल्यावर बुडाशी वाकवणारा जोर चौपट होतो, आणि इमारत तेवढीच ताठ ठेवली तर शेंड्याचं झुकणं सोळापट. जुन्या पद्धतीत आतले सगळे खांब, तुळया आणि त्यांचे जोड मिळून हा वारा पेलायचे. मजले वाढले की लोखंड बेसुमार वाढायचं. त्यामुळे फार उंच बांधणं खर्चाच्या दृष्टीने अशक्य होत चाललं होतं.

खान साहेबांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी ताकद आतून काढून बाहेरच्या भिंतीत आणली. बाहेरच्या बाजूने खांब अगदी जवळजवळ उभे करायचे, त्यांना प्रत्येक मजल्यावर खोल तुळयांनी घट्ट जोडायचं. मग चारही भिंती मिळून एका पोकळ नळीसारख्या वागतात. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात का टिकतो, त्याचंच हे उत्तर. वर्गात आम्ही मुलांना वर्तमानपत्राचं एक पान सपाट धरायला सांगतो, ते लगेच लवतं. तेच पान गुंडाळून नळी केली की ताठ राहतं. कागद तोच, वजन तेच, फक्त कागद मधून निघून काठाला गेला.

पण यात एक अट आहे. गुंडाळलेल्या कागदाची कड चिकटवली नाही तर नळी उलगडते. तसंच इमारतीची नळी जोडांवर टिकते. खांब आणि तुळईचा कोन काटकोनात पक्का राहिला पाहिजे, ढिला पडला की नळी राहत नाही, नुसत्या सुट्या काठ्या राहतात. १९६० च्या दशकाच्या मध्याला शिकागोत ४३ मजल्यांची डेविट-चेस्टनट ही काँक्रीटची इमारत त्यांनी या पद्धतीने उभी केली.

हँकॉक : वाऱ्याला तिरकं उत्तर

त्यानंतर आलं जॉन हँकॉक सेंटर. १०० मजले, ३४४ मीटर उंची, काम १९६९-७० मध्ये पूर्ण झालं. आर्किटेक्ट होते ब्रूस ग्रॅहम. खाली दुकानं आणि पार्किंग, त्यावर ऑफिसं, त्यावर लोकांची घरं. एवढ्या उंचीला जवळजवळ खांबांची नळीही पुरेशी किफायती नव्हती. मग खान साहेबांनी बाहेरच्या चारही बाजूंना भल्यामोठ्या तिरक्या पट्ट्या टाकल्या, फुलीच्या आकाराच्या, एकीवर एक. टिनाच्या शेडला किंवा लाकडी फाटकाला आपण तिरकी पट्टी ठोकतो, ती कशासाठी? चौकोन कलंडू नये म्हणून. तेच तत्त्व, फक्त शंभर मजल्यांच्या मापाचं.

या तिरक्या पट्ट्या कोपऱ्यावर शेजारच्या बाजूच्या पट्ट्यांना भेटतात, त्यामुळे भार चारही अंगांनी फिरत जातो आणि खांबांमध्ये वाटला जातो. सगळ्यात अवघड जागा अर्थातच जिथे तिरकी पट्टी, उभा खांब आणि आडवी तुळई एकत्र येतात ती. तिथे तिन्ही दिशांचे जोर एकमेकांना भेटतात. असे जोड जाड पोलादी पत्र्यांभोवती बांधावे लागले.

फायदा किती झाला? १९३१ च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटर जागेमागे सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं. हँकॉकला लागलं सुमारे १४५ किलो. म्हणजे जवळपास तितक्याच मजल्यांसाठी तीस टक्क्यांच्या आसपास बचत.

इथे खान साहेबांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इमारत पडणार नाही एवढं सिद्ध करून ते थांबले नाहीत. वाऱ्याने वरचे मजले हलतील तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसाला चक्कर येईल का, भीती वाटेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्यासाठी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातल्या एका हलत्या मंचावर माणसं उभी करून, बसवून प्रयोग केला आणि किती हेलकावा माणसाला जाणवतो ते पाहिलं. गणितात माणूस विसरला जाऊ नये, हा धडा आम्हा शिक्षकांनीही घेण्यासारखा आहे.

सीअर्स टॉवर : अवघड जोड कारखान्यात, सोपा जोड आकाशात

१९७४ मध्ये सीअर्स टॉवर पूर्ण झाला. ११० मजले, ४४२ मीटर. १९९८ पर्यंत जगातली सर्वात उंच इमारत हीच. आज तिला विलिस टॉवर म्हणतात. इथे त्यांनी एका नळीऐवजी नऊ नळ्यांची मोळी बांधली. प्रत्येक नळी ७५ फूट बाय ७५ फूट. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोन शेंड्यापर्यंत जातात. एकट्या मोठ्या नळीत कोपऱ्याचे खांब जास्त भार घेतात आणि मधले आळशी राहतात. मोळीत आतल्या भिंतींमुळे मधले खांबही कामाला लागतात.

पण आम्हाला या इमारतीत सगळ्यात भावते ती जोडांची युक्ती. वारा लागला की खांबाला धरलेली तुळई इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. खांबाजवळ वाकवणारा जोर सर्वात जास्त. तुळईच्या मधोमध वाक एका बाजूचा दुसऱ्या बाजूला बदलतो, म्हणून तिथे तो जोर जवळपास शून्य. मग जागेवरचा जोड कुठे ठेवायचा? सर्वसाधारण पद्धत तुळई खांबापाशी जोडायची, म्हणजे नेमकी जास्त ताणाच्या जागी. इथे दोन मजले उंचीचा खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या तुळया, असे झाडासारखे तुकडे कारखान्यात आधीच वेल्ड करून आणले. अवघड वेल्डिंग जमिनीवर, छपराखाली, तपासणीखाली झालं. वर आकाशात, शिकागोच्या झोंबऱ्या वाऱ्यात, कामगारांना अर्ध्या तुळया मधोमध बोल्टने जोडायच्या होत्या, जिथे ताण सर्वात सोपा असतो. काम झपाट्याने झालं आणि वर वेल्डिंग करण्याचा धोकाही खूप कमी झाला.

जोडाकडे दुर्लक्ष झालं की

खान साहेब हयात असतानाच अमेरिकेत एक भयानक दुर्घटना घडली. त्या इमारतीशी त्यांचा संबंध नव्हता. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ नकाशात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जाणार होती. नंतर सोयीसाठी दोन सळया केल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला. दोन माणसांनी एका दोराला लटकणं वेगळं, आणि खालच्याने वरच्याचे पाय धरून लटकणं वेगळं. वरच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. बदल छोटा होता, पण तो जोडात होता.

आपल्या महाराष्ट्रालाही असा घाव ताजा आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजल्याची चर्चा आधीपासून होती. चौकशीतही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांचाच उल्लेख झाला. सबंध राज्याचं मन दुखावलं. श्रद्धा कितीही मोठी असो, लोखंड हिशेबच मागतं.

मातीची हाक

खान साहेब अमेरिकेचे नागरिक झाले, पण बंगालची माती विसरले नाहीत. घरी टागोरांची गाणी गायचे. १९७१ मध्ये पूर्व बंगालात कत्तली सुरू झाल्या तेव्हा शिकागोत त्यांनी बंगाली लोकांना एकत्र केलं, मदतीसाठी संस्था उभी केली, पैसा जमवला आणि अमेरिकेच्या राज्यकर्त्यांपर्यंत आवाज पोहोचवला. यशाच्या शिखरावर असताना हे करणं सोपं नव्हतं. बांगलादेशाने १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर स्वातंत्र्य पुरस्कार दिला.

हाजींच्या डोक्यावरची सावली

आता जे काम आपल्या समाजाच्या सर्वात जवळचं आहे ते. मुंबई-नागपूरहून निघालेले आपले जे हाजी जेद्दाला उतरतात, ते विमानतळाच्या हज टर्मिनलमध्ये पांढऱ्या तंबूंच्या छताखाली येतात. या टर्मिनलच्या रचनेमागे फजलुर रहमान खान होते. आर्किटेक्ट होते गॉर्डन बनशाफ्ट. १९८१ मध्ये ते सुरू झालं.

यात २१० तंबू आहेत, प्रत्येक ४५ मीटर बाय ४५ मीटर. कापड टेफ्लॉनचा थर दिलेल्या काचतंतूंचं. हजच्या दिवसांत एका वेळी ८०,००० यात्रेकरू मावतील असा अंदाज धरलेला. पांढरं कापड ऊन परतवतं आणि तंबूच्या मध्यावरच्या उघड्या तोंडातून गरम हवा वर निघून जाते, म्हणून वाळवंटातही त्या सावलीला यंत्राने गार करावं लागत नाही.

इथे जोडांचं गणित एकदम उलटं झालं. शिकागोत खांब दाबले जात होते, इथे सगळं ओढलं जातं. कापड तारांना ओढतं, तारा पोलादी खांबांना. मधल्या खांबाला चारही बाजूंनी सारखी ओढ, म्हणून तिथे एक खांब पुरतो. कडेच्या खांबाला बाहेरून ओढणारं कोणी नाही, म्हणून तिथे दोन खांब जोडलेले. आणि कोपऱ्यावर चार. ज्याला हे माहीत आहे त्याला ते छत पाहताना खांब मोजावेसे वाटतील. या कामाला १९८३ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला खान साहेब राहिले नव्हते.

२७ मार्च १९८२ रोजी त्याच जेद्दामध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा इंतकाल झाला. त्रेपन्नावा वाढदिवस आठवड्यावर होता. शिकागोच्या ग्रेसलँड कब्रस्तानात त्यांना दफन केलं गेलं. त्यांची कन्या यास्मिन याही इमारतींच्या इंजिनिअर झाल्या आणि वडिलांच्या कामावर त्यांनी पुस्तक लिहिलं. शिकागोत आज एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांच्यानंतर जगात जे गगनचुंबी टॉवर झाले, त्यांतल्या कित्येकांच्या रचनेत त्यांच्या नळीच्या कल्पनेचं कुळ सापडतं.

आपल्या पोरांचं काय?

हे सगळं आम्ही का लिहिलं? आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, सगळ्या विदर्भ-मराठवाड्यात, फॅब्रिकेशनच्या दुकानांत, गॅरेजमध्ये, फर्निचरच्या कामात आपली मुस्लिम पोरं मोठ्या संख्येने आहेत. चौदा-पंधरा वर्षांचं पोर उत्तम वेल्ड मारतं. त्याच्या हाताला जोड कळतो. पण शाळा सुटलेली असते, म्हणून त्या जोडावर किती ताण येईल ते त्याला काढता येत नाही. उर्दू माध्यमातून आलेली मुलं विज्ञानाचे इंग्रजी शब्द ऐकून दचकतात आणि गणित आपल्या नशिबात नाही असं ठरवून मोकळी होतात. मग तेच पोर आयुष्यभर दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर रोजाने वेल्ड मारत राहतं.

त्याचा हात वाईट नाही, उलट तोच त्याचं भांडवल आहे. फक्त त्या हाताला हिशेब जोडायचा राहिलाय. दहावी पूर्ण करू द्या. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे. गणित बरं असेल तर पॉलिटेक्निकचा सिव्हिल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मार्ग आहे, माहिती नाही. मशिदीच्या कमिट्यांनी, दुकानमालकांनी, आम्हा शिक्षकांनी ही माहिती घराघरांत पोहोचवली पाहिजे. दुकानमालकांना आमची खास विनंती आहे की हुशार पोराला परीक्षेच्या महिन्यात सुटी द्या, पगार कापू नका.

फजलुर रहमान खान एका शिक्षकाच्या घरातून आले. दंगलीने त्यांचं कॉलेज सुटलं होतं, तरी त्यांनी पदवी पूर्ण केली. असं घर आणि अशी जिद्द आपल्याकडेही आहे. यंदा हजला जाणाऱ्यांपैकी जे जेद्दाला उतरतील, त्यांनी त्या पांढऱ्या सावलीत या मरहूम इंजिनिअरसाठी दुआ करावी, आणि घरी परतल्यावर आपल्या नातवंडांना सांगावं की त्या छताचा हिशेब गणिताच्या एका मास्तरांच्या मुलाने केला होता.